गुरुजींची गाडी कोणाच्या नावावर?

पत्र थोडक्यात असं : वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातलं एक गाव. लिहिणारे जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ७१ पूर्ण, ७२वं चालू. घरी नवरा-बायको दोघंच. २०१६ साली घेतलेली, हजार सीसीच्या आतली छोटी पेट्रोल गाडी. आजवर एकही क्लेम नाही. महिन्यातून एक-दोनदा पत्नीच्या गुडघ्याच्या उपचारासाठी नागपूरला जाणं होतं, मुक्काम लेकीकडे. लेक म्हणते, थंडीचे चार महिने इथंच राहा, पण नागपुरात गाडी अजिबात चालवू नका. गाडीचा विमा सप्टेंबरात संपतोय. पुण्यातला मुलगा म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला विमा महाग पडतो, शहरात चालवायची तर आणखी महाग, म्हणून गाडी माझ्या नावावर करा. एजंटनं तीन आकडे दिलेत : नुसती थर्ड पार्टी २,८६० रुपये, ‘फस्ट पार्टी’ ४,८६६, आणि ‘सगळं टाकून’ ८,९००. पेन्शनीत बसेल असं यातलं काय घ्यावं, नागपुरात चालवायला वेगळा विमा लागतो का, मुलाचं ऐकावं का, हे गुरुजींचे प्रश्न. मध्येच एक वाक्य आहे : ‘लायसन ६६व्या वर्षी रिन्यू करून आणलं होतं, ते आहेच.’ आणि शेवटी : ‘पोळ्याला मुलगा येणार आहे, त्याला काय सांगू?’

गुरुजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. विम्यावर दीड पान आहे आणि लायसनवर अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीपासून सुरू करते. हे वाचणं जरा बाजूला ठेवा, कपाटातला तो कागदपत्रांचा प्लास्टिकचा पाउच काढा आणि लायसनवरची मुदतीची तारीख चष्मा लावून बघा.

पंचावन्न वर्षं उलटल्यावर नूतनीकरण केलेलं लायसन पाचच वर्षं चालतं. ६६व्या वर्षी आणलेलं ७१व्या वर्षी संपतं. म्हणजे तुमचं एकतर संपलंय, नाहीतर आता संपतंय. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची, ती मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं गेली. आता तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन गाडी चालवता.

मी सोळा वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात कागद तपासले. अपघाताची फाइल टेबलावर आली की चेपलेल्या गाडीचे फोटो आम्ही नंतर बघायचो. आधी पेन्सिलनं एकाखाली एक तीन तारखा लिहायच्या : पॉलिसी कधीपर्यंत, लायसन कधीपर्यंत, अपघात कधी. तिसरी तारीख दुसरीच्या पुढे गेलेली दिसली की गाडीच्या नुकसानीचा दावा तिथंच आटोपायचा. मालक-चालकाचा म्हणून जो वैयक्तिक अपघात विमा असतो तोही जातो, कारण त्याला वैध लायसनची अट आहे. आणि समोरचा माणूस दगावला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला भरपाई भरायला लावतं खरं, पण मग तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला मिळते. ही रक्कम लाखांत असते. पेन्शनीतून ती फिटत नाही, सातबारा काढावा लागतो.

तेव्हा स्वस्त विमा कोणता, हा लायसन हातात आल्यावरचा प्रश्न. मुदत संपून वर्ष झालं नसेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत डॉक्टरनं भरलेला नमुना १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, जोडायचा. वर्ध्याचं परिवहन कार्यालय तुम्हाला माहीतच आहे. तालुक्याला त्यांचा कॅम्प कधी लागतो ते ऑनलाइन सेंटरवाल्या पोराला विचारा, तोच अर्जही भरून देईल. आता त्या १-अ नमुन्याबद्दल. डॉक्टर ओळखीचा असला की चहा पिता पिता सही मारतो, हे मलाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. या खेपेला तसं नको. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात एक सकाळ मोडा आणि डोळे खरोखर तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात दिवसाउजेडी कळत नाही. ती कळते दिवेलागणीला, समोरच्या गाडीचा उजेड काचेवर फुटल्यासारखा पसरतो तेव्हा.

आता मुलाचं म्हणणं. म्हातारपणी विमा महाग, हे त्यानं कुठून उचललं याचा मला अंदाज आहे. एक तर मेडिक्लेम. तिथं हप्ता वयाबरोबर चढतो आणि साठीनंतर फारच चढतो. दुसरं, मोबाइलवरचे अमेरिकेतले व्हिडिओ. तिकडे गाडीचा विमा चालवणाऱ्याचं वय आणि त्याचे आजवरचे अपघात पाहून ठरतो. आपल्याकडे हा हिशेब माणसापेक्षा गाडीवर बसवलेला आहे.

थर्ड पार्टीचा दर तर कंपनीच्या हातातच नसतो, तो केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ आणि दीड हजारावर ७,८९७. स्टिअरिंगवर पंचविशीचा पोरगा बसो की पंचाहत्तरीचे आजोबा. वर मालक-चालकाचा अपघात विमा आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. विम्याचा दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, एजंट लोक त्याला ‘ओडी’ म्हणतात. तो गाडीची आजची किंमत, तिचं वय, सीसी आणि नोंदणी कुठली यावर निघतो. या भागाचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे करून दिलेत, त्यामुळे एखादी कंपनी मालकाचं वय पाहून थोडं इकडेतिकडे करूही शकते. म्हणून आकडे दोन-तीन ठिकाणचे मागवायचे, त्यात एखादी सरकारी कंपनीही धरायची. पण ज्येष्ठांना जादा हप्ता असा नियम नाही. ज्येष्ठांना सवलत असाही नाही, त्यामुळे कुणी ‘सीनियर सिटिझन स्कीम’ म्हणत आला तर ती लेखी मागा.

शहराचंही तसंच. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ओडीच्या जुन्या दरपत्रकात, देशाचे दोन झोन पाडलेत. ‘अ’ झोनमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू आणि अहमदाबाद. उरलेला सगळा देश ‘ब’. नागपूर ‘ब’मध्ये, देवळीही ‘ब’मध्ये. तुमची एमएच ३२ सीताबर्डीच्या गर्दीत चालली काय नि गावच्या पांदणीनं चालली काय, हप्ता तोच, वेगळा विमा नाही. उलट नाव बदलून गाडीची नोंदणी पुण्याला गेली तर ती ‘अ’ झोनमध्ये पडेल आणि ओडीचा दर थोडा वाढेलच. पोरगा स्वस्त करायला निघालाय आणि करून ठेवेल महाग.

ही वाढ किरकोळ आहे, तिच्यासाठी मी नाही म्हणणार नाही. नाही म्हणते ते वेगळ्या दोन कारणांसाठी.

पहिलं कारण तुमचा नो क्लेम बोनस. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की ओडीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. तुमच्या आकड्यांची मी फोड करून पाहिली : ओडी ३,४०० आहे आणि त्यावर ५० टक्के सूट धरून १,७०० लावलेत. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी मुलाच्या नावावर गेली की ती त्याच्याबरोबर जात नाही. वारसाला मिळते ती मालकाच्या मृत्यूनंतरच. मुलाला शून्यापासून सुरुवात.

दुसरं कारण सांगायला मला माझ्या मामांचं उदाहरण घ्यावं लागतं. पुसदजवळचं गाव. सहा एकर शेती आणि एक जुनी गाडी, जी त्यांच्या मुलानं ‘बाबांना कटकट नको’ म्हणून स्वतःच्या नावावर करून घेतलेली. चालवायचे मामाच. एका संध्याकाळी कापसाच्या बंडीला चुकवताना गाडी मोरीवर आदळली आणि मामांचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्या पॉलिसीत होता. एक पाय गेला तर त्यात निम्मी रक्कम मिळते, साडेसात लाख. मामांना एक रुपया मिळाला नाही, कारण तो विमा फक्त आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याचा असतो. मालक पुण्यात सुखरूप होता. मी स्वतः क्लेम विभागात होते, चार ठिकाणी फोन केले, आणि प्रत्येक फोनवर समोरचा माणूस जे सांगत होता ते बरोबर आहे हे मला कळत होतं. कंपनीची चूक नव्हती. नावाची होती.

गाडी तुम्ही चालवणार असाल तर ती तुमच्याच नावावर राहू द्या, गुरुजी. आणि पॉलिसीच्या कागदावर वारसदार म्हणून काकूंचं नाव घातलंय का तेही बघा. ती चौकट बहुतेक एजंट रिकामी सोडतात. हा विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, हाड मोडून दवाखान्याचं बिल झालं तर त्याच्यासाठी नाही, हेही माहीत असू द्या.

आता तीन आकड्यांकडे येते. तुमचा कल २,८६० कडे आहे, ते पत्राच्या सुरावरून कळतं. ‘गाडीच आता दीड-पावणेदोन लाखांची राहिली, तिच्यासाठी फुल विमा कशाला’ असं तुम्ही लिहिलंय. गाडीपुरतं हे पटण्यासारखं आहे. पण तुम्ही गाडी मोजली, गाडीत बसणारी माणसं मोजली नाहीत.

गावात ज्याच्या दाराशी चारचाकी उभी आहे त्याची गाडी अर्धी गावाची असते. त्यातून तुम्ही गुरुजी, अर्ध्या गावाला तुम्ही पाढे शिकवलेले. रात्री दोनला बाळंतपणासाठी पुलगावला कोण नेतं? बारावीच्या पोराचा पेपर, एसटी चुकली, कोणाच्या दाराशी येतात? आणि फाट्यावर तुमची गाडी दिसली की हात वर होतोच : ‘गुरुजी, वर्ध्याले चाल्ले का? मंग मलेबी घेऊन चाला ना.’ तुम्ही कधी नाही म्हणाला असाल असं वाटत नाही.

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ‘थर्ड पार्टी’ म्हणजे रस्त्यावरचा माणूस, समोरच्या गाडीतला माणूस. तुमच्या खासगी गाडीत फुकट बसलेला माणूस त्यात धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे एकाहून अधिक निकालांत सांगितलंय. काकूसुद्धा त्यात नाहीत. तुमच्या हातून अपघात झाला आणि मागे बसलेल्या कुणाला काही झालं, तर त्याच्या घरच्यांचा दावा कंपनीवर न जाता सरळ तुमच्यावर येऊ शकतो. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे एजंट ज्याला ‘फस्ट पार्टी’ म्हणतो तिच्यात, गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. २,८६० आणि ४,८६६ मधला फरक २,००६ रुपये. हे दोन हजार तुम्ही पत्र्यासाठी भरत नाही, मागच्या सीटसाठी भरता.

त्यात बाकीचं येतंच. फेब्रुवारी-मार्चची गारपीट, जी आपल्याकडे हरभऱ्याबरोबर गाड्यांचे टपही झोडपते. सेलूच्या बाजूनं, बोरच्या जंगलाकडून येणारी रानडुकरं. आणि रोही, म्हणजे नीलगाय. रात्री रोही आडवी गेली की पहिलीला चुकवून माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि दुसरी येऊन आदळते, कारण ती सहसा एकटी नसते. हे सगळं पॅकेजमध्ये आहे. चोरीही.

एक पथ्य मात्र पाळा. गाडीत घ्या सगळ्यांना, पण ‘पेट्रोलचे’ म्हणून कुणाकडून शंभर-दोनशे घेऊ नका. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही आणि अपघातानंतर पोलिसांच्या जबाबात कुणी भाबडेपणानं ‘आम्ही पैसे देऊन बसलो होतो’ असं सांगून टाकतं. मी अशा फाइली पाहिल्या आहेत. सांगणारा खोटं बोलत नसतो, गुरुजी पैसे मागत नसतात, आणि तरी फाइल अडते. लोकांना फारच संकोच वाटत असेल तर त्यांना म्हणा, हुरड्याला बोलवा.

४,८६६ घ्या, असं माझं मत. तरी एजंटला फोन लावून दोन गोष्टी विचारा. पहिली, आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, किती धरली? गाडी चोरीला गेली किंवा पार कामातून गेली तर जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. पाच वर्षांवरच्या गाडीची ही किंमत मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून ती चुपचाप खाली ओढणं ही जुनी युक्ती आहे. तुमच्या गाडीला तुमच्या भागात आज जुन्या बाजारात काय मिळेल ते एखाद्या मिस्त्रीला विचारा आणि त्याच्या आसपास ठेवा. दुसरं, बिघाड झाला तर टोचन करून नेण्याची सोय वेगळी घेता येते, ‘रोडसाइड असिस्टन्स’ म्हणतात तिला. शहरातल्या माणसाला ती चैन वाटेल. तुमच्या गावापासून कंपनीच्या यादीतलं कॅशलेस गॅरेज किती लांब आहे ते विचारा, मग टोचन किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे ते विचारा. दोन्ही आकडे जुळत असतील तरच त्याचे पैसे भरा.

८,९०० च्या आकड्यातलं बाकीचं तुम्हाला नको. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापण्याची सोय, नव्या गाडीला चांगलं असतं, तुमच्या गाडीइतक्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या ते देतही नाहीत. एजंटनं नेमकं काय काय टाकलंय ते एकदा यादी करून मागाच. इंजिनच्या वेगळ्या विम्याबद्दल एवढंच : पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा किल्ली फिरवल्यामुळे इंजिन बसलं, तर ते साध्या पॅकेजमध्ये मिळत नाही. नाल्यावरून पाणी वाहतंय म्हटलं की अलीकडेच थांबायचं. हा विमा फुकट आहे आणि आपल्याकडे तो दर पावसाळ्यात लोक नाकारतात.

या निमित्तानं नागपुरात राहणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सोय सांगते. ज्यांची गाडी नवी आहे, ओडीचा हप्ता मोठा आहे, पण गाडी धरमपेठेत झाडाखालीच उभी असते आणि रविवारी मंदिरापर्यंत जाते, त्यांनी ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ हा प्रकार विचारून पाहावा. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, त्याला जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली. वर्षाचे किलोमीटर आधी सांगायचे, त्यावर ओडी कमी. ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे गेलात तर काय होतं ते आधी वाचून घ्यायचं. गुरुजी, तुमचा ओडीच १,७०० आहे. त्यातून दोन-तीनशे वाचवण्यासाठी दर महिन्याला मीटरचा फोटो काढत बसण्यात राम नाही.

क्लेमबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण न विचारता सांगते, कारण खरी बचत इथं आहे. समजा बैलबंडीच्या जुवाचा धक्का लागून पुढचा बंपर गेला. बदलायला ६,००० रुपये. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, राहिले ३,०००. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीनं स्वतः भरायचे. हातात आले २,०००. आणि त्या बदल्यात नो क्लेम बोनस शून्य. पुढच्या वर्षी ओडी १,७०० ऐवजी ३,४००. त्याच्या पुढच्या वर्षी २,७२०, मग २,५५०, मग २,२१०, मग १,८७०. पाच वर्षांत जादा गेले ४,२५०, जीएसटी धरून ५,०१५. दोन हजारांसाठी पाच हजार. मुलांना वहीत मांडायला देण्यासारखं गणित आहे. म्हणून खरचटलं-चेपलं ते खिशातून करा आणि विमा मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवा. मोठा प्रसंग आलाच तर गाडी आधी मिस्त्रीकडे नेऊन पत्रा ठोकून घेऊ नका. जिथं आहे तिथले फोटो काढा, कंपनीला फोन लावा, कुणी जखमी असेल तर आधी त्याला दवाखान्यात आणि मग पोलिसांना खबर. आणि दावा अन्यायानं नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

सप्टेंबरची तारीख मात्र हुकवू नका. विम्यात एक दिवस जरी खंड पडला तरी पॅकेजसाठी गाडीची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, आणि नव्वद दिवस उलटले तर बोनस जातो. मधल्या काळात विनाविमा पकडलं तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या मधल्या दिवसांत काही घडलं तर.

लेकीच्या म्हणण्यात मला तथ्य दिसतं, पण ती म्हणते तेवढं नाही. नागपुरात अजिबात चालवू नका, हे जरा जास्त झालं. बुटीबोरीच्या पुढचे ट्रक, सिग्नलला दोन्ही बाजूंनी घुसणारे दुचाकीवाले, त्यात दवाखान्यापाशी पार्किंग शोधणं आणि शेजारी गुडघा दुखणारी बाई. याचा शीण चाळिशीच्या माणसालाही होतो. गावात चालवण्याचा आणि यात चालवण्याचा संबंध नाही. मग नागपूरच्या दिवशी गावातलाच एखादा लायसनवाला, डोकं शांत असलेला पोरगा दिवसाच्या मजुरीवर घ्या. पॉलिसीत ‘पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी’ असं एक छोटं कलम जोडून मिळतं, टॅरिफप्रमाणे वर्षाला ५० रुपये आणि जीएसटी. त्याच्या लायसनची तारीखही पेन्सिलनं लिहून घ्या. थंडीत चार महिने लेकीकडे राहिलात तर तिथं सकाळी सातच्या आत, रस्ते मोकळे असताना, दूध-भाजीपुरती गाडी काढायला कोणाची हरकत असेल?

मुलाला काय सांगायचं हा प्रश्न राहिला. मला वाटतं, तो विम्याचं बोलतोय पण त्याला विम्याचं पडलेलं नाही. आठशे-हजार रुपयांसाठी पुण्याचा नोकरदार माणूस बापाच्या गाडीचं नाव बदलायला निघत नाही. त्याला भीती वाटते, आणि ‘बाबा, तुम्ही अजून नीट चालवता का’ असं तोंडावर विचारायची त्याची टाप नाही. तुम्हीही त्याला पत्रातून हप्त्याचंच उत्तर शोधताय. पोळ्याला तो आला की बैलांची पूजा, पुरणपोळी, झोप, सगळं होऊ द्या. मग संध्याकाळी साडेसहाला, उजेड-अंधाराच्या वेळी, त्याला शेजारी बसवून गाडी वर्ध्याच्या रस्त्याला काढा. काही बोलू नका. लायसन नवं झालेलं नसेल तर स्टिअरिंग त्याच्या हातात द्या आणि तो कार्यक्रम दिवाळीवर टाका.

आणि एक. तुमच्या पत्रात मुलगा आहे, लेक आहे, एजंट आहे, मामेभाऊ आहे, पाहुणा म्हणून येऊन गाडी बघून गेलेला जावईसुद्धा आहे. काकूंचं मत कुठेच नाही. गेली नऊ वर्षं त्या तुमच्या डाव्या हाताला बसतायत. त्यांना विचारा, वर्षभरात किती वेळा त्यांनी न बोलता समोरचा डॅशबोर्ड धरला.